दीडशेचा टायर आणि डावीकडचे चार मिलिमीटर

भाचा ऐरोलीहून गाडी घेऊन आला तो रविवार होता. रविवारी ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत शुकशुकाट असतो, त्यामुळे बुलेट कोपऱ्यावर वळतानाच मला ऐकू आली. तिच्या धडधडीत आणखी एक आवाज मिसळला होता. एक्सलरेटर पिळला की खर्र, सोडला की बंद. अडकित्त्यात सुपारी कातरावी तसा.

"मामा, बघ ना जरा, चेन कुठंतरी लागतेय."

मी डाव्या बाजूला उकिडवा बसलो. मागच्या टायरच्या डाव्या भिंतीवर करंगळीच्या नखाएवढी रुंद पट्टी उमटली होती, अख्ख्या फेरीभर. तिथलं रबर चकचकीत झालं होतं आणि एका जागी बोट फिरवलं तर आतले धागे लागत होते. याच टायरवर पठ्ठ्या आदल्या आठवड्यात मागे मित्राला बसवून गायमुखचा घाट उतरून आला होता. मी काहीच बोललो नाही. गाडी आत घेतली आणि चावी खिशात टाकली.

माझा धंदा टर्निंगचा. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, आणि कंपन्यांचं जॉबवर्क. गाड्या दुरुस्त करणं हे माझं काम नाही. पण मागचं रुंद चाक हा विषय निघाला की शेवटी लोक लेथवाल्याकडेच येतात, कारण कुठेतरी स्पेसर (अंतर ठेवणारी कडी) बनवायचा असतो किंवा काहीतरी दोन सूत छिलायचं असतं. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवतोय.

गाडी १९९६ ची, कास्ट आयर्न इंजिनाची ३५०. भावोजींची. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे, गिअर उजव्या पायाला, चेन डावीकडे. कंपनीचे टायर पुढे-मागे दोन्ही ३.२५-१९, म्हणजे सव्वातीन इंच रुंद आणि एकोणीस इंची रिम. भावोजींनी गाडी मुलाच्या नावावर केली आणि मुलाला ती बॉबर, म्हणजे काटछाट केलेली जाड टायरची गाडी, करायची हुक्की आली. पुढचं मडगार्ड कापलं, हँडल खाली घेतलं. इथवर ठीक. मग मागे 'जाड' टायर हवा म्हणून तो नवी मुंबईतल्या एका कस्टमवाल्याकडे गेला. त्याने १६ इंचाची साडेतीन इंच रुंद रिम टाकून तिच्यावर १५०/८०-१६ चढवला. एकूण बिल एकोणीस हजार.

त्या माणसाचं एक गणित अगदी बरोबर होतं, तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. १५० चे ८० टक्के १२०. वर-खाली मिळून २४०. सोळा इंच म्हणजे ४०६. एकूण ६४६ मिलिमीटर. जुन्या ३.२५-१९ चा असाच हिशेब केला तर ६४८ च्या आसपास येतो. म्हणजे गाडीची मागची उंची बदलली नाही आणि गिअरिंगही नाही. उभ्या दिशेचा हिशेब त्याने चोख केला. आडव्या दिशेचा केलाच नाही, किंवा केला आणि गिऱ्हाईकाला सांगितला नाही.

दोरी

पहिलं काम दोरीचं. गाडी मेन स्टँडवर घेतली आणि हँडल सरळ धरून बांधून टाकलं. गवंड्याची नायलॉनची दोरी मागच्या टायरच्या पाठीमागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे आणली आणि मागच्या टायरच्या मागच्या व पुढच्या कडेला नुसती टेकेल इतपत ताणून पुढे दोन विटांना बांधली. आता या दोन दोऱ्या म्हणजे मागच्या चाकाची दिशा. पुढचं चाक त्यांच्या बरोबर मध्ये यायला हवं.

व्हर्निअरने मागचा टायर १४८ भरला. टायरवर १५० लिहिलेलं असलं तरी खरी रुंदी रिमवर ठरते. रिम अर्धा इंच अरुंद घेतली की टायर साधारण पाच मिलिमीटर आत येतो. पुढचा टायर ८२ भरला. फरक ६६. सगळं जागेवर असतं तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून ३३-३३ चं अंतर पडलं असतं.

डावीकडे कसंबसं ४ निघालं. उजवीकडे ६२.

भाच्याने स्वतः पट्टी घेऊन पुन्हा मोजलं. तेच.

मी एक्सलकडे पाहिलं. बुलेटला चेन ताणायला एक्सलच्या दोन्ही टोकांना गोगलगाईच्या शंखासारखी वळत वळत मोठी होत जाणारी चकती असते आणि तिच्या कडेला खाचा. दोन्हीकडे सारखीच खाच टेकली पाहिजे. इथे उजवीकडे एक खाच जास्त होती. चुकून राहिली असेल असं आधी वाटलं. चकत्या सारख्या केल्या आणि दोरी परत लावली. डावीकडे २४, उजवीकडे ४२.

आता चित्र उघड झालं. एका खाचेने मागचं चाक तिरकं झालं होतं. ती खाच काढल्यावरही जो फरक उरला, त्याचा अर्थ वेगळा होता. चाक सरळ होतं, पण गाडीच्या मध्यापासून ९ मिलिमीटर उजवीकडे बसलं होतं. म्हणजे स्पोक भरतानाच रिम हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उजवीकडे ओढून भरली होती.

आणि खाच चुकून राहिली नव्हती. चकत्या सारख्या केल्याबरोबर टायर आणि चेन यांच्यात फक्त ३ मिलिमीटर उरले. खाच तिरकी ठेवली तेव्हा टायरची पुढची कड उजवीकडे वळून तिथेच साडेसहा मिळत होते. म्हणजे नऊ मिलिमीटर सरकवूनही पुरलं नाही, म्हणून वरून चाक वाकडं लावलं.

हे कळल्यावर बाकीची लक्षणं आपोआप जुळत गेली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात एकाच अंगाने घासून चमकत होते, कारण स्प्रॉकेट चेनला तिरका उभा होता. भाचा म्हणत होता की ठाणे-बेलापूर रस्त्यावर हात सैल सोडले की गाडी डावीकडे जाते. तो ते रस्त्याच्या उताराचं समजत होता. आपले रस्ते कडेला डावीकडे उतरतेच असतात, त्यामुळे शंका आली नाही. पण चाक उजवीकडे सरकलेलं असलं की गाडीचं वजन दोन टायरांच्या आधाररेषेच्या डावीकडे पडतं आणि गाडी डावीकडे कलायला बघते. त्यात तिरकं चाक गाडीचा मागचा भाग उजवीकडे ढकलत होतं, म्हणजे तोंड पुन्हा डावीकडेच. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढत होत्या.

साडेसहा मिलिमीटर असूनही चेन लागत का होती? टायर दोन्ही हातांनी धरून आडवा हलवला तर कडेला सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा खेळ. स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या ज्या दुहेरी नळीला मिस्त्री चिमटा म्हणतात तिचे, बुश (सांध्यातली धातूची नळकांडी) झिजले होते. दोन स्पोक निपलपाशी, म्हणजे रिमवर त्यांना आवळणाऱ्या नटापाशी, तुटलेले. चेन सैल, त्यामुळे ती झोके खात होती. एक्सलरेटर पिळल्यावर चेन चाकाला डाव्या बाजूने पुढे ओढते, बुशमधला खेळ एका बाजूला जातो आणि टायर चेनकडे झुकतो. म्हणून पिळला की खर्र, सोडला की बंद.

तुटलेल्या स्पोकांचं कारणही रिमच. रिमवरचं प्रत्येक भोक स्पोक ज्या कोनातून येणार त्याच कोनात पाडलेलं असतं. एकोणीसच्या जागी सोळाची रिम आली, तीही नऊ मिलिमीटर सरकवून. तो कोन बदलतो, निपल भोकात तिरका बसतो आणि स्पोक तिथेच वाकलेला राहतो. मग प्रत्येक फेरीला तो थोडा थोडा वाकतो आणि एक दिवस तुटतो. दोन तुटले होते. बाकीचे रांगेत होते.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र उजवीकडे होती आणि ती आम्हांला शेवटी दिसली. टायर उजवीकडे सरकल्यावर चिमट्याच्या उजव्या नळीला लागायला लागला असणार, म्हणून नळी आतून गरम करून हातोड्याने खड्डा पाडला होता. वरून काळा रंग. गुण्या लावल्यावर खड्डा अंगठा मावेल एवढा निघाला. ज्या नळीवर मागचं अख्खं वजन तोललं जातं तिला कुणी असं हाताळलेलं पाहिलं की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. भाचा गप्प होता.

चेन कुठे आहे

लोक विचारतात, या गाडीला किती रुंद टायर बसेल? मी आता उलट विचारतो: चेन मध्यापासून किती लांब आहे?

बुलेटच्या सांगाड्याच्या मध्यरेषेपासून चेनच्या मध्यापर्यंत आमच्या गाडीवर ७७ मिलिमीटर भरले. ओळंबा सोडून दोनदा मोजलं. चेन स्वतः पिनेसकट साधारण १८ रुंद, म्हणजे आतली कड ६८ वर. टायर सरळ मध्यावर बसवायचा तर त्याची अर्धी रुंदी अधिक मोकळी जागा ६८ मध्ये बसली पाहिजे. मोकळ्या जागेचा माझा आकडा किमान आठ, कारण चेन झोका घेते, टायर वेगात थोडा फुगतो आणि बुश नवे असले तरी काही महिन्यांनी खेळ येतोच. अडुसष्टातून आठ गेले, साठ उरले. म्हणजे १२० चा टायर.

भाच्याचा चेहरा पडला. "मामा, एकशेवीस म्हणजे काहीच नाही. चेनच बाहेर घेऊ ना. तुझ्याकडे लेथ आहे."

याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता.

चेन बाहेर घ्यायची तर दोन्ही स्प्रॉकेट सारखेच बाहेर गेले पाहिजेत. मागे या गाडीत स्प्रॉकेट आणि ब्रेक ड्रम एकाच तुकड्यात ओतलेले. नुसता स्प्रॉकेट सोडवून स्पेसर घालता येत नाही, अख्खा ड्रम हलतो आणि त्याच्याबरोबर ब्रेक प्लेट जाऊन चिमट्याला भिडते. तेही कसंतरी जमवलं असतं. पण पुढचा स्प्रॉकेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, क्लचच्या मागे बसतो आणि त्याच्या बाहेर लगेच प्रायमरी केसची (इंजिन-क्लचच्या चेनच्या पेटीची) आतली भिंत. त्या सापटीत मी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिलं. तिथे आठ-दहा मिलिमीटर कुठून आणणार?

चिमटा रुंद केला तरी चेन हलत नाही. बरेच जण इथेच फसतात. चिमट्यात टायर मावला म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं.

तिसरा मार्ग म्हणजे मधे एक जादा शाफ्ट. गिअरबॉक्सची चेन त्या शाफ्टवर, शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला दुसरा स्प्रॉकेट, तिथून दुसरी चेन चाकावर. असं लोक करतात. मी कागदावर काढलं, बेअरिंगचे नंबरही लिहिले. मग सांगाड्याला त्याचे कान कुठे जोडायचे हा प्रश्न आला आणि पेन्सिल थांबली. जुन्या सांगाड्याला वेल्डिंग करायचं, दोन चेन सांभाळायच्या, आणि हे सगळं जेमतेम अठरा हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी, ज्याला दीडशेच्या टायरची गरज कधीच नव्हती. रॉयल एन्फील्डने सुपर मेटिऑर ६५० ला हाच १५०/८०-१६ दिला आहे. पण तिथे सांगाडा, गिअरबॉक्स आणि चेन आधीच त्या मापाने आखलेली असते.

भाच्याने मग मधला सौदा मांडला: ॲव्हेंजरचा १३०/९०-१५. सगळीकडे मिळतो, दिसायलाही जाड. हिशेब खडूने भिंतीवर केला. १३० चे ९० टक्के ११७, दुप्पट २३४, पंधरा इंचांचे ३८१, एकूण ६१५. जुन्यापेक्षा ३३ कमी, म्हणजे गाडी मागून सोळा-सतरा मिलिमीटर बसणार आणि गिअरिंग पाच टक्के खाली येणार. त्याच वेगाला इंजिन पाच टक्के जास्त फिरणार. आणि चेनपाशी मध्यावर जेमतेम तीन-साडेतीन उरणार, म्हणजे रिम परत चार-पाच मिलिमीटर सरकवा. मी म्हटलं, एवढ्यासाठी ही दोरी लावली का?

शेवटी १२०/८०-१८. शहाण्णवच्या बुलेटला २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० चा मागचा टायर. १२० चे ८० टक्के ९६, दुप्पट १९२, अठरा इंचांचे ४५७, एकूण ६४९. कंपनीच्या मूळ व्यासाशी एका मिलिमीटरचा फरक. रुंदीने जुन्यापेक्षा दीड इंच जास्त. रिम पावणेतीन इंची. या मापाच्या टायरला अडीच ते तीन इंचांची रिम चालते.

कायद्याचीही गोष्ट भाच्याला सांगितली, कारण त्याला वाटत होतं की पोलीस फक्त सायलेन्सर बघतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आदळआपट झाली आणि विमावाल्याचा माणूस गाडी बघायला आला की तो सगळ्यात आधी टायरवरचा आकडा वाचतो. चिमटा कापून दीडशेचं चाक बसवणं आणि मूळ चिमट्यात एकशेवीस बसवणं यांत म्हणूनच फरक आहे. पण दुसरं केलं म्हणून आपण कायद्याच्या पूर्ण आत आलो असं समजू नकोस, हेही त्याला बजावलं.

बांधणी

नवा चिमटा घेतला. जुना मी स्वतः हॅकसॉने दोन तुकडे करून भंगारात टाकला, नाहीतर कुणीतरी उचलून दुसऱ्या गाडीला लावला असता. बुश घरीच बनवले. फॉस्फर ब्राँझचे, आधी घट्ट बसवून मग रीमर फिरवून.

स्पोक भरायला कळव्याच्या एका काकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पण हात असा की स्पोकवर नख मारून आवाजाने ताण सांगतात. त्यांनी पहिल्यांदा हब हातात घेऊन दोन्ही कडांचं अंतर मोजलं आणि विचारलं, "मध्यावर भरू ना? की तुम्हांलाही सरकवून हवीय?" म्हणजे सरकवून मागणारे त्यांच्याकडे नेहमीचेच. ड्रमच्या बाजूचे आणि उजवीकडचे स्पोक वेगळ्या लांबीचे लागले. काकांनी ते कापून, आटे पाडून दिले. आऊट, म्हणजे फिरताना रिमचं डावं-उजवं हलणं, काढायला मात्र त्यांनी पूर्ण संध्याकाळ घेतली. काट्यासमोर रिम फिरवायची, थोडी फिरली की थांबायचं, निपलला पाव फेरी, परत फिरवायची. मधे चहा आला तोही गार झाला. शेवटी आडवा आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला.

स्पोकची रिम असल्याने ट्यूब लागणारच, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. निपलवर रबरी पट्टी न विसरता चढवायची. स्प्रॉकेट-ड्रम आणि चेन नवे घेतले, कारण एका अंगाने खाल्लेल्या दातांवर नवी चेन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

एकोणीस हजारांच्या वर हे बारा हजार. माझी मजुरी सोडून.

चाक बसवल्यावर टायर ११९ भरला. चकत्या दोन्हीकडे एकाच खाचेवर. चेनपाशी साडेआठ मोकळे. दोरी लावली तर डावीकडे १८, उजवीकडे १९. तो एक मिलिमीटर मी सोडून दिला. दोरीच्या गाठीतही तेवढा फरक पडतो.

भाचा लगेच निघायच्या बेतात होता. मी त्याला थांबवून काढलेलं चेनकव्हर आणि साडी गार्ड परत लावायला लावलं. कस्टमवाल्याने दोन्ही काढून दिले होते, कारण कव्हर असतं तर दीडशेचा टायर आधी त्यालाच लागला असता. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी हातधरणी, पायधरणी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आच्छादन सक्तीचं आहे. नियम राहू दे. ताई अजून याच गाडीवर मागे एका बाजूला बसून ऐरोलीच्या बाजारात जाते. तिने फोनवर मला एकच विचारलं होतं, "माझा पदर अडकणार नाही ना रे?"

नंतर

पहिली फेरी मी मारली. वागळेहून कळव्याचा पूल, तिथून विटाव्याच्या पुलाखालून ठाणे-बेलापूर रस्ता, रबाळेपर्यंत. हात सैल सोडले तर गाडी सरळ गेली. वळणावर मात्र जुन्या सव्वातीन इंचीपेक्षा जड वाटते आणि त्यात काही बिघाड नाही. टायर रुंद झाला की वळताना जमिनीला टेकणारा भाग मध्यापासून बाजूला सरकतो, म्हणून त्याच वळणाला गाडी थोडी जास्त कलवावी लागते. दीडशेवर हे याहून वाईट होतं, पण तेव्हा चाकच तिरकं असल्याने कशाचा दोष कुठला हे कळतच नव्हतं.

पाचशे किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा कसून घेतले. तीन सैल निघाले, नव्या भरणीत ते होतंच. पावसाळा याच चाकावर गेला, घोडबंदरच्या खड्ड्यांसकट. टायरची डावी भिंत स्वच्छ आहे. चेनपाशी अजून आठ भरतात.

एक तक्रार भाच्याची अजून आहे आणि ती रास्त आहे. मागून पाहिलं तर मडगार्ड दीडशेच्या मापाचं रुंद राहिलंय आणि त्यात एकशेवीसचा टायर मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखा दिसतो. अरुंद मडगार्ड वळवून घ्यायचं ठरलंय, पण त्याचे कान चिमट्यावर कुठे येतील हे मोजायचं राहिलंय.

दीडशेचा टायर माझ्याकडेच आहे. धागे निघालेला टायर विकता येत नाही. लेथच्या मागे तो आडवा टाकलाय, दुपारी चहा घेऊन येणारा मुलगा त्यावर बसतो. भाचा आला की आधी त्याला उठवून टायर पालथा करतो, खरवडलेली बाजू खाली जाईल असा.